घरचा सर्व्हर: आधी बॅकअप, मग सिनेमे

गूगल फोटोजमधील अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ रोजी संपली. तेव्हापासून १५ जीबीच्या पुढची जागा हवी असेल तर वर्गणी भरावी लागते, आणि घरातील चौघांचे फोन, एखादा कॅमेरा, जुन्या लग्नमुंजींच्या सीडी, खरेदीखताच्या आणि सातबाऱ्याच्या स्कॅन केलेल्या प्रती असा सगळा पसारा एकत्र केला तर ती वर्गणी वर्षागणिक वाढत जाते. त्यामुळे घरीच एक लहानसा सर्व्हर, म्हणजे सर्वांच्या फाइली एका जागी ठेवणारा आणि सतत चालू राहणारा संगणक, उभारावा, असा विचार अनेकांच्या मनात येतो. त्यासाठी फार मोठे तांत्रिक ज्ञान लागत नाही. संगणकावर विंडोज नव्याने बसवता येत असेल आणि राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याची भीती वाटत नसेल, तर एका शनिवार-रविवारात काम मार्गी लागते.

अडचण निराळीच आहे. बहुतेक जण यंत्र आणतात, त्यावर सिनेमे टाकतात, ते टीव्हीवर दिसू लागले की समाधान पावतात आणि बॅकअपचे काम सवडीवर टाकतात. ती सवड पुढे मिळत नाही. सिनेमा पुन्हा मिळवता येतो, आजोबांच्या आवाजातील कॅसेट पुन्हा भरता येत नाही, हे मान्य असेल तर कामाचा क्रमही तसाच असायला हवा. म्हणून खालील पायऱ्यांमध्ये बॅकअप आधी आणि टीव्ही नंतर येतो. हा क्रम शक्यतो मोडू नये.

लागणारे साहित्य

- एक संगणक. जुना, दुरुस्त करून विकलेला किंवा नवा मिनी पीसी यांपैकी कोणताही चालेल, मात्र त्यात किमान ८ जीबी रॅम असावी.
- ऑपरेटिंग सिस्टिमसाठी १२० किंवा १२८ जीबीची लहान एसएसडी.
- डेटासाठी एक मोठी हार्ड डिस्क आणि बॅकअपसाठी दोन बाह्य हार्ड डिस्क.
- ८ जीबीचा किंवा त्याहून मोठा, रिकामा पेन ड्राइव्ह.
- राउटरपर्यंत पोहोचेल एवढी कॅट ६ प्रकारची नेटवर्क केबल.
- यूएसबी पोर्ट असलेला यूपीएस.
- फक्त बसवतानापुरता मॉनिटर आणि कीबोर्ड. ते शेजाऱ्यांकडून आणले तरी चालतील.
- एक वही. पासवर्ड, डिस्कचे अनुक्रमांक आणि केलेले बदल तिच्यात हाताने लिहायचे आहेत, कारण सर्व्हर बंद पडेल तेव्हा सर्व्हरवर ठेवलेली टिपणे उघडता येणार नाहीत.

## १. खरेदीपूर्वी डेटाची मोजदाद करा

सर्व फोन, लॅपटॉप, पेन ड्राइव्ह आणि जुन्या डिस्कवरील डेटा किती आहे ते लिहून काढावे आणि त्याचे तीन गट पाडावेत. पहिल्या गटात पुन्हा कधीही न मिळणाऱ्या गोष्टी येतात: कौटुंबिक छायाचित्रे, घरगुती चित्रफिती, कागदपत्रे, स्वतःचे लेखन. दुसऱ्या गटात कष्टाने पुन्हा जमवता येतील अशा गोष्टी, उदाहरणार्थ स्वतःच्या सीडींवरून उतरवलेले संगीत. तिसऱ्या गटात सहज पुन्हा मिळणारे सर्व काही.

या वर्गवारीचा थेट संबंध पैशांशी आहे. पहिल्या गटाच्या तीन प्रती हव्यात, दुसऱ्याची एक जादा प्रत पुरते आणि तिसऱ्याची नसली तरी चालते. मोजदाद केल्यावर बहुतेकांच्या लक्षात येते की पहिला गट ५०० जीबी ते १ टीबीच्या आसपास आहे आणि उरलेले सगळे सिनेमे आहेत. तेव्हा बॅकअपच्या डिस्क मुख्य डिस्कएवढ्या मोठ्या घेण्याचे कारण उरत नाही. क्षमतेचा अंदाज बांधताना हेही लक्षात ठेवावे की ४ टीबीची डिस्क संगणकावर सुमारे ३.६ टीबी दिसते. कंपन्या हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत, एवढाच तो फरक आहे. दुकानदाराशी त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

आवराआवर मात्र या टप्प्यावर करू नये. एकाच फोटोच्या चार प्रती, शुभ सकाळचे संदेश, धूसर आलेली छायाचित्रे हे सर्व नकोसे वाटले तरी आहे तसेच प्रथम सर्व्हरवर उतरवावे. बॅकअप झाल्यानंतर काय पुसायचे ते पुसावे.

## २. यंत्र निवडा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला आणि विंडोज ११ न चालणारे अनेक कार्यालयीन संगणक बाजारात आले. सर्व्हरवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम चालणार असल्याने आपल्याला त्यांचे काहीच वावडे नाही. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड अशा ठिकाणी असे संगणक मिळतात. इंटेलचा सातव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर घ्यावा, कारण त्यातील चित्रफीत रूपांतरणाची सोय एचईव्हीसी या प्रकारच्या १० बिटच्या चित्रफितींनाही पुरी पडते आणि पुढे टीव्हीसाठी तिचा उपयोग होतो.

येथे पहिला खड्डा आहे. पुस्तकाएवढ्या आकाराच्या मिनी पीसीत साडेतीन इंची हार्ड डिस्क मावत नाही. शिवाय काही कंपन्यांच्या आडव्या, बुटक्या संगणकांत पॉवर सप्लाय त्यांच्याच विशिष्ट घडणीचा असतो आणि त्याला डिस्कसाठी एक-दोनच जोडण्या असतात. म्हणून पैसे देण्यापूर्वी कव्हर उघडायला सांगावे आणि डिस्कची जागा, साटा पोर्ट (डिस्कची डेटा केबल लावण्याची जागा) व साटा पॉवरच्या जोडण्या स्वतः मोजून घ्याव्यात.

जुना लॅपटॉप हा पर्याय वाटतो त्यापेक्षा चांगला आहे, कारण त्याच्या बॅटरीमुळे छोटा यूपीएस आपोआपच मिळतो. मात्र सतत चार्जिंगवर राहणारी बॅटरी फुगण्याचा धोका असतो. बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, चार्जिंगची मर्यादा ६० ते ८० टक्क्यांवर ठेवण्याची सोय असेल तरच तो वापरावा, अन्यथा बॅटरी काढून टाकावी. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक विजेच्या बाबतीत काटकसरी असला तरी त्याच्या यूएसबी पोर्टांना वीज बेताचीच मिळते. रास्पबेरी पाय ५ ला ५ अँपिअरचा ॲडाप्टर नसेल तर सर्व यूएसबी उपकरणांना मिळून ६०० मिलिअँपिअरच मिळतात, आणि त्यावर दोन डिस्क लावल्या की त्या मधूनच गायब होऊ लागतात. नवख्या माणसाने या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

विजेचा हिशेब सोपा आहे. सर्व मिळून २५ वॅट घेणारा सर्व्हर चोवीस तास चालला तर महिन्याला १८ युनिट होतात. ग्राफिक्स कार्ड असलेला जुना असेंबल केलेला संगणक ७० वॅट घेत असेल तर ५० युनिट होतात. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात. तुमचा वापर १०० किंवा ३०० युनिटच्या सीमेवर असेल तर हे जास्तीचे युनिट वरच्या दराने लागतील, हेही गणितात धरावे.

## ३. हार्ड डिस्क पारखून घ्या

या सर्व खर्चात डिस्क हाच मोठा खर्च आहे आणि फसगतही तिथेच होते.

डिस्कवर डेटा लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत, सीएमआर आणि एसएमआर. एसएमआरमध्ये पट्टे एकमेकांवर किंचित चढवलेले असल्याने जागा जास्त मिळते, पण लांबलचक लेखन सुरू झाले की वेग कोसळतो. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतील काही डिस्क एसएमआर असल्याचे उघड झाले, त्यावर बराच गदारोळ झाला आणि पुढे सीएमआर डिस्क रेड प्लस या नावाने वेगळ्या विकल्या जाऊ लागल्या. मुख्य डिस्क सीएमआरच घ्यावी. रेड प्लस किंवा सीगेटची आयर्नवुल्फ यांपैकी जी रास्त दरात मिळेल ती चालेल. बॅकअपच्या बाह्य डिस्क एसएमआर असल्या तरी हरकत नाही, कारण त्यांच्यावर लेखन रात्रीच्या वेळी होते आणि वेगाची घाई नसते.

विकत घेताना अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून भारतातील वॉरंटी तपासावी. परदेशातून आणलेल्या डिस्क स्वस्त मिळतात, परंतु अनेकदा त्यांची वॉरंटी इथे चालत नाही. नवी म्हणून दिलेली डिस्क खरोखर नवी आहे का, हे तिच्या आत नोंदलेल्या चालू तासांवरून कळते. मात्र २०२५ च्या सुरुवातीला सीगेटच्या वापरलेल्या डिस्क ही नोंद शून्यावर आणून नव्या म्हणून विकल्या गेल्याचे उघड झाले होते. त्यामुळे केवळ त्या आकड्यावर विसंबू नये, अधिकृत विक्रेत्याचे बिल घ्यावे आणि ते वहीला टाचून ठेवावे. दोन बॅकअप डिस्क एकाच दिवशी, एकाच खोक्यातून घेणेही टाळावे, कारण एकाच घाण्यातील डिस्क एकाच सुमारास बिघडण्याची शक्यता असते.

## ४. जागा, वीज आणि केबल

सर्व्हर बंद कपाटात ठेवू नये. हवा खेळती राहील, थेट ऊन येणार नाही आणि पावसाळ्यात भिंतीला ओल येत नाही अशी जागा निवडावी. डिस्कचे तापमान शक्यतो ४५ अंशांच्या आत राहावे. इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारी रिकामी जागा असतेच, पण तिथे आम्लाची वाफ असते, म्हणून ती जागा नको. कोकणात आणि गोव्यात दमटपणामुळे जोडण्यांवर गंज चढतो. तिथे सर्व्हर सतत चालू ठेवणे हे बंद ठेवण्यापेक्षा हिताचे ठरते, कारण यंत्राच्या स्वतःच्या उबेने ओल धरत नाही.

वीज अचानक जाणे हा डिस्कचा आणि फाइल सिस्टिमचा (डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याच्या पद्धतीचा) मोठा शत्रू आहे. घराला इन्व्हर्टर असला तरी तो वीज बदलायला जो क्षण घेतो तेवढ्यात संगणक बंद पडू शकतो, म्हणून सर्व्हर आणि राउटर या दोघांना स्वतंत्र छोटा यूपीएस द्यावा. यूएसबी पोर्ट असलेल्या यूपीएसची माहिती सर्व्हरला मिळते आणि बॅटरी संपत आली की तो स्वतःहून नीट बंद होतो. यासाठी नेटवर्क यूपीएस टूल्स नावाची प्रणाली आहे. आपल्या यूपीएसचे मॉडेल तिच्या यादीत आहे का, ते खरेदीपूर्वी पाहावे. बायोसमध्ये जाऊन, वीज परत आल्यावर संगणक आपोआप सुरू व्हावा, असे सेटिंगही याच वेळी करून टाकावे. हे राहून गेले की तुम्ही गावाला गेल्यावर पहिल्याच भारनियमनात सर्व्हर झोपतो आणि बटण दाबायला घरी कोणी नसते.

सर्व्हर राउटरला केबलनेच जोडावा. केबल लावल्यावर जोडणीचा वेग १००० एमबीपीएस दिसतो का, ते अवश्य तपासावे. स्वस्त केबलमध्ये आठऐवजी चारच तारा असतात, किंवा एखादी तार टोकाशी नीट बसलेली नसते, आणि मग वेग १०० वर अडकतो. १ टीबी डेटा उतरवायला पहिल्या वेगाने अडीच तास लागतात, दुसऱ्या वेगाने संपूर्ण दिवस जातो. सर्व काही चालू दिसत असल्याने केबलवर संशय घेण्याचे मात्र कोणालाच सुचत नाही.

## ५. ऑपरेटिंग सिस्टिम बसवा

ट्रूनॅस आणि ओपनमीडियाव्हॉल्ट या दोन मोफत प्रणाली प्रामुख्याने वापरल्या जातात. ट्रूनॅस ही झेडएफएस या भक्कम फाइल सिस्टिमवर उभी आहे, मात्र तिला रॅम जास्त लागते आणि डिस्कची रचना आधीच विचारपूर्वक ठरवावी लागते. एक-दोन डिस्कच्या घरगुती सर्व्हरसाठी डेबियन लिनक्सवर आधारलेली ओपनमीडियाव्हॉल्ट पुरेशी आहे. तिचे सर्व व्यवस्थापन ब्राउझरमधून होते आणि काही बिघडले तर आत नेहमीचेच लिनक्स असल्याने डिस्क काढून दुसऱ्या लिनक्स संगणकावर वाचता येते. माझ्या दृष्टीने हाच तिचा सर्वांत मोठा गुण आहे.

अधिकृत संकेतस्थळावरून प्रतिमा फाइल (प्रणालीची बसवण्याजोगी संपूर्ण प्रत) उतरवून ती रुफस किंवा बलेनाएचर या साधनाने पेन ड्राइव्हवर लिहावी आणि त्यावरून संगणक सुरू करावा. बसवण्याची प्रक्रिया निवडलेली संपूर्ण डिस्क ताब्यात घेते. म्हणून दोन गोष्टी पाळाव्यात: डेटाच्या सर्व डिस्क बसवण्यापूर्वी काढून ठेवाव्यात, म्हणजे चुकीची डिस्क पुसली जाणार नाही, आणि या कामासाठी मोठी, महागडी एसएसडी वाया घालवू नये.

काम संपल्यावर पडद्यावर सर्व्हरचा आयपी पत्ता, म्हणजे घरच्या नेटवर्कमधील त्याचा क्रमांक, दिसतो. तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा असेल. दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये तो टाकावा. सुरुवातीचे नाव ॲडमिन आणि पासवर्ड ओपनमीडियाव्हॉल्ट असा असतो. तो त्याच मिनिटाला बदलावा. यानंतर राउटरमध्ये जाऊन हा पत्ता सर्व्हरसाठी राखून ठेवावा, नाहीतर राउटर पुन्हा सुरू झाल्यावर पत्ता बदलतो आणि टीव्ही, फोन, लॅपटॉप या सर्वांना सर्व्हर सापडेनासा होतो.

एक बारीकशी गोष्ट नवख्यांना फार छळते. ओपनमीडियाव्हॉल्टमध्ये कोणताही बदल जतन केला तरी तो लगेच लागू होत नाही. वर एक पिवळी पट्टी येते आणि तिच्यातील खुणेवर टिचकी मारल्यावरच बदल प्रत्यक्षात येतो.

## ६. फोल्डर आणि वापरकर्ते तयार करा

आता डेटाची डिस्क जोडून ती ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमने तयार करावी. विंडोजच्या एनटीएफएसचा मोह टाळावा, कारण लिनक्सवर तिच्या परवानग्यांचा घोळ होतो. डिस्कवर निदान चार फोल्डर असावेत: फोटो, कागदपत्रे, माध्यमे आणि प्रणाली. प्रणाली या फोल्डरात पुढे बसवायच्या सॉफ्टवेअरची सेटिंग्ज राहतील. ती ऑपरेटिंग सिस्टिमच्या एसएसडीवर न ठेवता येथे ठेवली म्हणजे बॅकअपमध्ये आपोआप येतात.

घरातील प्रत्येकासाठी स्वतंत्र वापरकर्ता तयार करावा. पासवर्डविना सर्वांना खुले ठेवणे सोयीचे वाटते, परंतु विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्या अशा फोल्डरला अनेकदा अडवतात आणि ते योग्यच आहे. टीव्हीसाठी वेगळा वापरकर्ता करून त्याला माध्यमे हा फोल्डर केवळ वाचण्याची मुभा द्यावी. परवानग्या देताना साध्या परमिशन्सच्या पानावरच थांबावे. तिथेच शेजारी असलेल्या ॲक्सेस कंट्रोल लिस्टमध्ये उगाच खुणा करत बसल्यास कोणाला काय दिसते याचा इतका गुंता होतो की तो सोडवण्यापेक्षा फोल्डर नव्याने करणे सोपे पडते. विंडोजशी बोलण्यासाठी सांबा ही सेवा सुरू करावी आणि तिच्यातील एसएमबी या फाइल देवाणघेवाणीच्या पद्धतीची किमान आवृत्ती २ ठेवावी. एसएमबी १ मधील कच्च्या दुव्याचा वापर करूनच २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली अडवून खंडणी मागणारा विषाणू जगभर पसरला होता.

## ७. बॅकअप उभा करा

हा टप्पा पूर्ण होईपर्यंत पुढे जाऊ नये.

प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. दोन डिस्क एकमेकींची आरसाप्रत म्हणून लावणे, म्हणजेच रेड १ (RAID, वर आलेल्या रेड मालिकेशी याचा संबंध नाही), हा बॅकअप नव्हे. एक डिस्क बिघडली तरी सर्व्हर चालू राहावा एवढाच त्याचा उपयोग. तुम्ही चुकून फोल्डर पुसला तर तो दोन्हींवरून त्याच क्षणी जातो, खंडणीखोर विषाणूने फाइली कुलूपबंद केल्या तर दोन्हींवर होतात, आणि चोराने खोका नेला तर दोन्ही जातात. घरगुती सर्व्हरला क्षणभरही बंद न पडण्याची गरज नसते, म्हणून दुसऱ्या डिस्कचे पैसे रेडऐवजी बॅकअपवर खर्च करावेत.

छायाचित्रकार पीटर क्रॉग यांनी प्रचलित केलेला ३-२-१ हा नियम येथे सरळ लागू होतो: डेटाच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या माध्यमांवर आणि त्यांतील एक घराबाहेर. आपल्याकडे मुख्य डिस्क ही पहिली प्रत, सर्व्हरला जोडलेली बाह्य डिस्क ही दुसरी आणि दुसऱ्या गावी ठेवलेली बाह्य डिस्क ही तिसरी.

दुसऱ्या प्रतीसाठी रेस्टिक हे साधन वापरावे. त्याला ब्राउझरमधून चालवण्यासाठी बॅकरेस्ट नावाची सोय आहे. रेस्टिक प्रत्येक वेळी फक्त बदललेला भाग घेते, सर्व डेटा कुलूपबंद करून ठेवते आणि प्रत्येक दिवसाची स्थिती वेगळी नोंदवते. शेवटचा गुण सर्वांत मोलाचा आहे, कारण फोल्डर पुसला गेल्याचे अनेकदा दोन-तीन महिन्यांनी लक्षात येते. केवळ जशीच्या तशी नक्कल करणाऱ्या साधनात, विशेषतः मुळात पुसलेले नकलेतही पुसण्याचा पर्याय चालू असेल तर, तोपर्यंत बॅकअपमधूनही ते नाहीसे झालेले असते. रोजच्या सात, आठवड्याच्या चार आणि महिन्याच्या बारा नोंदी ठेवाव्यात. जुन्या नोंदी साधन स्वतः काढून टाकते. बॅकअप रात्री उशिरा लावावा आणि त्यात फोटो, कागदपत्रे व प्रणाली हे तीन फोल्डर घ्यावेत.

रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर बॅकअप उघडण्याचा कोणताही मार्ग उरत नाही. कंपनीला फोन करून तो बदलून घेण्याची सोय यात नाही. तो कागदावर लिहून एक प्रत घरातील महत्त्वाच्या कागदांबरोबर आणि एक प्रत तिसरी डिस्क जिथे आहे त्यापेक्षा वेगळ्या ठिकाणी ठेवावी.

तिसऱ्या प्रतीला बरेच जण फाटा देतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूणात पुराचे पाणी घराघरांत शिरले. अशा वेळी एकाच खोलीतील सर्व प्रतींचे भवितव्य एकच असते. तिसरी डिस्क बहिणीच्या, मामाच्या किंवा विश्वासू मित्राच्या घरी, शक्यतो दुसऱ्या गावात असावी. गणपतीत आणि दिवाळीत जाणे-येणे होतेच. त्या वेळी ताजी डिस्क तिकडे ठेवून जुनी परत आणावी. डेटा कुलूपबंद असल्याने ती कोणाच्या हाती लागली तरी चिंता नसते. दिवाळीपासून पुढच्या गणपतीपर्यंतचे सुमारे दहा महिन्यांचे अंतर जास्त वाटत असेल तर पहिल्या गटातील डेटा एखाद्या क्लाउड साठवणीत रेस्टिकमार्फतच पाठवता येतो. मात्र ब्रॉडबँडचा अपलोड वेग २० एमबीपीएस असेल तर १ टीबी चढवायला साडेचार दिवसांहून अधिक लागतात, आणि अमर्याद म्हणवणाऱ्या बहुतेक योजनांनाही महिन्याची वापरमर्यादा असते.

## ८. परत मिळवून पाहा

बॅकअप यशस्वी झाल्याचा हिरवा संदेश पुरेसा नाही. एक फोल्डर निवडून तो सर्व्हरवर न आणता दुसऱ्याच लॅपटॉपवर परत मिळवावा. बाह्य डिस्क त्या लॅपटॉपला जोडायची, वहीतील पासवर्ड पाहून टाकायचा आणि फोटो उघडून बघायचे. ईएक्सटी४ने तयार केलेली डिस्क विंडोजला थेट वाचता येत नाही, लिनक्सचा एक पेन ड्राइव्ह तयार हवा, पासवर्डमधील एक अक्षर वहीत संदिग्ध लिहिले आहे, अशा गोष्टी याच वेळी ध्यानात येतात. तीन महिन्यांतून एकदा ही तालीम करावी.

## ९. फोनमधील फोटो सर्व्हरवर आणा

यासाठी इमिच हे मोफत सॉफ्टवेअर उत्तम आहे. ओपनमीडियाव्हॉल्टमध्ये ओएमव्ही-एक्स्ट्राज हा जोडणीसंच बसवून त्यातील कंपोज या जोडणीतून डॉकरवर, म्हणजे प्रत्येक सॉफ्टवेअर वेगळ्या कप्प्यात (कंटेनरमध्ये) चालवणाऱ्या सोयीवर, ते चालवता येते. चेहरे ओळखणे, ठिकाणानुसार शोधणे ही कामे ते घरातल्या यंत्रावरच करते. पहिल्या वेळी हजारो फोटो वाचताना प्रोसेसर एक-दोन दिवस तापलेला राहील, त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

इमिचमध्ये फोटो एका जागी आणि अल्बम, नावे, चेहरे यांची माहिती दुसऱ्या जागी, म्हणजे डेटाबेसमध्ये असते. केवळ फोटोंचा फोल्डर वाचवला तर फोटो राहतील, पण आत्याच्या चेहऱ्याला दिलेले नाव आणि मुंजीचा अल्बम जाईल. इमिच डेटाबेसची प्रत ठरावीक वेळाने एका फोल्डरात काढून ठेवते. तो फोल्डर रेस्टिकच्या यादीत असल्याची खात्री करावी.

व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंमधील तारखेची अंतर्गत नोंद निघून गेलेली असते. अँड्रॉइडवर फाइलच्या नावात आयएमजीनंतर वर्ष, महिना आणि दिवस सलग लिहिलेले असतात. त्यावरून तारीख भरून घेता येते, पण ती फोटो काढल्याची नसून मिळाल्याची असते. जुन्या अल्बममधून स्कॅन केलेल्या फोटोंवर स्कॅन केल्याचा दिवस येतो आणि १९७० सालचे लग्न यंदाच्या दिवाळीशेजारी जाऊन बसते. अशा फोटोंना अंदाजे का होईना, वर्ष हाताने द्यावे, आणि हे काम घरातील वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून करावे. कोण कुठे उभे आहे, हे सांगणारे तेच असतात.

अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनमध्ये बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली मागे चालणारे ॲप बंद केले जाते, म्हणून इमिचला त्यातून सूट द्यावी. आयफोनवर अधूनमधून ॲप स्वतः उघडावे लागते. पहिल्या काही आठवड्यांत फोनमधील फोटो पुसू नयेत.

## १०. टीव्हीवर माध्यमे दाखवा

आता सर्व्हरवरील चित्रफिती टीव्हीवर दाखवणारे जेलीफिन बसवावे. डिसेंबर २०१८ मध्ये एम्बी या तशाच सॉफ्टवेअरपासून फुटून निघालेला हा मुक्तस्रोत प्रकल्प असून त्यात कोणतीही सुविधा पैशांमागे दडवलेली नाही. प्रत्येक सिनेमाला स्वतंत्र फोल्डर, फोल्डरला सिनेमाचे नाव आणि कंसात वर्ष, एवढी शिस्त पाळली की पोस्टर आणि माहिती आपोआप येते. मराठी सिनेमांच्या नावाचे रोमन स्पेलिंग मात्र एकाच पद्धतीने कोणी करत नाही, त्यामुळे काहींची ओळख हाताने पटवून द्यावी लागते.

लग्नाच्या आणि सहलींच्या चित्रफिती सिनेमांच्या विभागात टाकू नयेत. त्यांच्यासाठी घरगुती व्हिडिओ हा वेगळा प्रकार आहे. तो निवडला नाही तर काकांच्या साखरपुड्याला कुठल्याशा परदेशी भयपटाचे पोस्टर लागलेले दिसते.

टीव्हीला फाइलचा प्रकार जसाच्या तसा चालत असेल तर सर्व्हरवर काहीच ताण येत नाही. चालत नसेल तर चित्रफितीचे रूपांतर करावे लागते आणि तिथे इंटेलच्या प्रोसेसरमधील सोय कामी येते. ती जेलीफिनच्या सेटिंगमध्ये चालू करावी लागतेच, शिवाय डॉकरच्या कंटेनरला ग्राफिक्स उपकरणाची परवानगीही द्यावी लागते. ही दुसरी गोष्ट विसरली की चित्र अडखळते आणि दोष वायफायला दिला जातो. देवनागरी उपशीर्षकांच्या जागी चौकोन दिसू लागले, तर प्लेबॅकच्या सेटिंगमध्ये पर्यायी फाँटचा फोल्डर देऊन त्यात देवनागरी फाँट ठेवावा.

## ११. घराबाहेरून वापरायचे असेल तर

राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याची वाट, उघडून सर्व्हर थेट इंटरनेटवर आणण्याचा सल्ला अजूनही अनेक ठिकाणी मिळतो. तो मानू नये. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर प्रणालीने इंटरनेटवर उघड्या असलेल्या क्यूनॅप या कंपनीच्या हजारो साठवण यंत्रांतील फाइली कुलूपबंद केल्या होत्या, आणि त्यांपैकी अनेकांचे मालक आपल्यासारखेच घरगुती वापरकर्ते होते.

आपल्याकडे पोर्ट उघडूनही बहुधा उपयोग होत नाही. अनेक ब्रॉडबँड कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता कित्येक ग्राहकांत वाटतात. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल, तर तुमचे कनेक्शन त्यांपैकीच आहे, असे समजावे. या दोन्ही अडचणींवर टेलस्केल हा सोपा उपाय आहे. वायरगार्ड या तंत्रावर चालणारे हे साधन सर्व्हरवर आणि फोनवर बसवले की दोघांमध्ये खाजगी वाट तयार होते, राउटरला हात लावावा लागत नाही आणि परक्याला सर्व्हर दिसतही नाही. परदेशी असलेल्या मुलांना घरचे फोटो पाहता यावेत, यासाठी त्यांच्याही फोनवर ते बसवून द्यावे.

## १२. देखभाल

सर्व्हरने तुम्हाला ईमेल पाठवावा, अशी व्यवस्था ओपनमीडियाव्हॉल्टच्या सूचनांच्या पानावर करावी. जीमेलचा नेहमीचा पासवर्ड येथे चालत नाही. द्विस्तरीय पडताळणी सुरू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड घ्यावा लागतो.

डिस्कची स्मार्ट चाचणी, म्हणजे डिस्कने स्वतःच करायची आरोग्य तपासणी, दर आठवड्याला लहान आणि महिन्यातून एकदा दीर्घ लावावी. अहवालातील डझनभर आकड्यांपैकी ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या नोंदी पाहाव्यात. त्या अनुक्रमे बदललेले, संशयित आणि दुरुस्त न होणारे विभाग दाखवतात. त्यांची मूळ संख्या (रॉ व्हॅल्यू) शून्य असावी. ती वाढू लागली तर डिस्क चालू दिसत असली तरी नवी मागवावी. महिन्यातून एकदा अद्ययावतीकरण करावे, मात्र बॅकअप नुकताच झालेला असताना, आणि इमिचच्या बाबतीत नव्या आवृत्तीच्या सूचना वाचूनच.

घरातील आणखी एका व्यक्तीला सर्व्हर नीट बंद कसा करायचा, वही कुठे आहे आणि तिसरी डिस्क कोणाकडे आहे, एवढे दाखवून ठेवावे. यंत्रावर "बंद करू नये" अशी चिठ्ठी लावावी, नाहीतर सणाच्या साफसफाईत प्लग निघतो.

काढून टाकलेली डिस्क भंगारवाल्याला देऊ नये. ती चालत असेल तर संपूर्ण पुसून, चालत नसेल तर तिच्या तबकड्यांना ड्रिलने आरपार छिद्रे पाडून मगच अधिकृत ई-कचरा संकलन केंद्राकडे सोपवावी, आणि वहीतील तिच्या अनुक्रमांकापुढे तशी नोंद करावी.